जबानी आणि पडदा : अमीर अलीच्या रूपांतराचा प्रश्न

वाङ्मयातील खलपुरुष पडद्यावर आणणे हे काही नवे कार्य नव्हे. परंतु जो खलपुरुष आपली कथा स्वतःच सांगतो, आणि ती अशा आर्जवाने सांगतो की ऐकणाऱ्यास त्याचा सहवास हवासा वाटू लागतो, त्याच्या रूपांतरात एक निराळाच प्रश्न उपस्थित होतो. अशा पात्राचे रूप, वेष आणि कृत्ये पडद्यावर सहज उतरतात. त्याची वाणी मात्र मागे राहते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार फिलिप मेडोज टेलर याच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीतील अमीर अलीच्या अनुषंगाने करावयाचा आहे.

या कादंबरीचा आपल्या नगराशी संबंध आहे, याचे स्मरण येथे अस्थानी ठरू नये. १८२४ साली वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडील नोकरी सोडून टेलर निजामाच्या फौजेत शिरला आणि प्रथम औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, रुजू झाला. खाम नदीच्या पश्चिमेस वसलेली छावणी ही त्याच फौजेच्या वास्तव्याची खूण होय. पुढे त्याने पोलीस-अधिकारी म्हणून काम केले, ठगांच्या जबान्या ऐकल्या, नळदुर्गास कारभार पाहिला, आणि तुळजापूरच्या परिसरावर ‘तारा’ (१८६३) ही कादंबरी लिहिली. दख्खनची भाषा आणि दख्खनचे रस्ते त्याला परके नव्हते. अमीर अलीच्या बोलण्यात जो एक घरंदाज गोडवा आहे, त्याचे मूळ या परिचयात शोधावे लागते.

कथानक थोडक्यात असे : ठगांनी आईबापांचा वध केल्यावर एका लहान मुलाला त्यांतीलच इस्माईल हा आपला पुत्र म्हणून वाढवितो. मुलगा मोठा होऊन ठग बनतो, कीर्ती मिळवितो, प्रेम करतो, पेंढाऱ्यांबरोबर स्वारीवर जातो, आणि नकळत आपल्या सख्ख्या बहिणीचाही बळी घेतो. अखेर तो पकडला जातो, माफीचा साक्षीदार होतो, आणि एका इंग्रज साहेबापुढे बसून ही सारी हकीकत निवेदन करतो. आपल्या हातून ७१९ बळी गेले असे तो सांगतो; मधली बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार पुरे झाले असते, अशी त्याला खंत आहे. या खंतीत पश्चात्तापाचा लवलेश नाही. एखाद्या कसबी कारागिराने अपुऱ्या राहिलेल्या कामाबद्दल हळहळावे, तशी ती आहे.

टेलरचे खरे यश येथेच आहे. ठगांच्या टोळीत कामाची वाटणी असे. वाटसरूंना गोड बोलून टोळीत ओढणारा तो ‘सोठा’, आणि रुमालाने गळा आवळणारा तो ‘भरतोट’. अमीर अली दोन्ही कामांत निष्णात आहे. परंतु कादंबरी वाचताना ध्यानात येते की, त्याचे सोठेपण कथेतील वाटसरूंपुरते मर्यादित नाही. समोर बसलेला साहेब, आणि साहेबाच्या खांद्यावरून ऐकणारा वाचक, हेही त्याच्या गोडीत ओढले जातात. साहेब त्याच्या देखण्या रूपाचे, टापटिपीचे आणि सभ्य भाषेचे कौतुक करतो, मध्येच त्याची निर्भर्त्सना करतो, आणि पुन्हा पुढे काय झाले ते विचारतो. वाचकही हेच करीत असतो. बोलणे लांबलचक आणि रसाळ, वध मात्र क्षणार्धात आटोपलेला, असे या निवेदनाचे प्रमाण आहे. किंबहुना वाचकाला वाटसरूच्या जागी बसविणे हाच या कादंबरीचा नैतिक व्यापार होय. आपण एका मारेकऱ्याबरोबर किती मुक्काम आनंदाने चाललो, हे उमगते तेव्हा जो धक्का बसतो, तोच तिचा बोध.

आता पडद्याकडे वळू. येथे विचारात घेतलेले तीन चित्रपट टेलरच्या कादंबरीची रूपांतरे नव्हेत. तथापि ठग हे पात्र चित्रपटसृष्टीने कसे हाताळले हे त्यांवरून स्पष्ट होते. ह. स. रवैल यांचा ‘संघर्ष’ (१९६८) महाश्वेता देवी यांच्या कथेवर आधारलेला आहे. तेथे काशीच्या ठग-घराण्यातील नायक, म्हणजे दिलीपकुमार, आजोबांचा खुनी वारसा नाकारतो. मोहकता नायकाकडे राहते, हत्या आजोबांच्या वाट्यास जाते. निकोलस मेयर दिग्दर्शित ‘द डिसीव्हर्स’ (१९८८) हा जॉन मास्टर्स याच्या १९५२ सालच्या कादंबरीवरून निघाला. त्यात पियर्स ब्रॉसनन याने केलेला इंग्रज अधिकारी वेषांतर करून ठगांत मिसळतो आणि हळूहळू त्या जीवनाच्या मोहात पडतो. फसवणुकीची कला आणि तिचे आकर्षण, दोन्ही येथे साहेबाच्या अंगी आली आहेत. ठग त्या मोहाचे निमित्त उरला आहे. विजय कृष्ण आचार्य यांच्या ‘ठग्स ऑफ हिंदोस्तान’मध्ये (२०१८) आमिर खान याचा फिरंगी मल्लाह गोड बोलून दोन्ही पक्षांना फसवितो, परंतु त्याच्या लबाडीमागे गळफासाची सावली नाही, आणि शेवटी ती परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्याच्या कामी येते.

तिन्ही मार्ग भिन्न असले तरी त्यांची परिणती एकच आहे. मोहकता आणि हत्या या दोन गोष्टी एकाच मनुष्यात नांदू शकतात, हे सत्य पडद्याला झेपलेले नाही. हा दोष केवळ भारतीय विषयापुरता नाही. पॅट्रिशिया हायस्मिथ हिच्या १९५५ सालच्या कादंबरीतील टॉम रिप्ले हा गोडबोल्या तोतया आणि खुनी शेवटी निर्वेधपणे सुटतो. रने क्लेमां याने १९६० साली त्यावर काढलेल्या फ्रेंच चित्रपटात मात्र प्रेत वर येते आणि न्यायाची सोय लावली जाते. १९९९ साली अँथनी मिंगेला याने त्याला प्रेमाची तहान आणि एकाकीपण देऊन त्याची कीव येईल अशी योजना केली. शिक्षा किंवा करुणा, यांपैकी काहीतरी प्रेक्षकाच्या हाती दिल्यावाचून दिग्दर्शकाला राहवत नाही.

मराठी रसिकाला या संदर्भात आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) आठवल्यावाचून राहणार नाही. प्रभाकर पणशीकरांनी साकारलेला लखोबा लोखंडे न्यायालयात उभा राहून प्रत्येक साक्षीला नकार देतो, आणि प्रेक्षक न्यायाधीशाच्या आसनावरून त्याच्या चातुर्याला दाद देतो. लखोबाची सारी मोहिनी नकारात आहे. अमीर अलीची मोहिनी होकारात आहे. लखोबा आपली ओळख पुसतो, अमीर अली ती अभिमानाने सांगतो. नकार देणारा भामटा रंगभूमीला मानवतो, कारण त्याचा खोटेपणा आपल्याला दिसत असतो आणि आपण सुरक्षित राहतो. कबुली देणाऱ्यापुढे ती सुरक्षितता उरत नाही. तो खरे बोलत असतानाच आपल्याला भुलवीत असतो.

परंतु तो खरे बोलत आहे काय? रूपांतरकाराला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. माफीच्या साक्षीदाराची जबानी ही जीव वाचविण्यासाठी दिलेली असते, आणि ऐकणाऱ्याला काय हवे आहे हे सांगणाऱ्यास ठाऊक असते. स्लीमन याचा ‘रामसीआना’ हा ठगांच्या भाषेवरील ग्रंथ १८३६ सालचा. त्याच वर्षीच्या ३० व्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीत असणे एवढाच जन्मठेपेस पात्र असा गुन्हा ठरला. किम वॅगनर यांच्या २००७ सालच्या ग्रंथासारख्या आधुनिक संशोधनाने या जबान्यांचे वाचन अधिक सावधपणे करण्यास शिकविले आहे. ठगीचे खून झालेच नाहीत असा याचा अर्थ नव्हे; परंतु त्यांतून उभे केलेले एकसंध, वंशपरंपरागत, देवीभक्त पंथाचे चित्र सरकारी दफ्तरात घडले, हे विसरता येत नाही. व्यक्तीच्या कृत्यापेक्षा तिच्या समूहाकडे बोट दाखविणारी ही दृष्टी पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात अधिक व्यापक झाली, आणि १९५२ पर्यंत अनेक निरपराध जमातींना तिचा डाग सोसावा लागला.

याच मराठवाड्यातून लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आले. ठगांचा इतिहास निराळा आणि या समाजाचा इतिहास निराळा. त्यांची सरमिसळ करणे म्हणजे जुनाच अन्याय पुन्हा करणे होय. येथे तुलना केवळ कथनाच्या स्थितीची आहे. गायकवाडांना आपली कथा साहेबापुढे बसून सांगावी लागली नाही. ती त्यांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहिली. अमीर अलीला ही संधी नव्हती. त्याचे शब्द हिंदुस्थानीतून इंग्रजीत, आणि बंदिवानाच्या मुखातून अधिकाऱ्याच्या लेखणीत उतरले. म्हणून ज्या चित्रपटात केवळ रुमाल, देवी आणि अंधारी रात्र दिसेल, तो दफ्तरातील आरोपपत्रच पुन्हा वाचून दाखवील.

यावरून रूपांतराची दिशा सुचते. ऐकणारा साहेब चौकट म्हणून गाळून टाकता कामा नये. तो पडद्यावर सतत राहावा, त्याचे कुतूहल दिसावे, आणि कैद्याची नजर त्याच्या चेहऱ्यावरील प्रत्येक फेरफार टिपताना दिसावी. म्हणजे कबुली हीही एक सोठेगिरी असू शकते, हा संशय जिवंत राहील. दुसरे असे की, भाषा दखनी असावी. इंग्रजीत हरवलेला तो गोडवा परत मिळविण्याचे सामर्थ्य बोलपटात आहे, आणि ते कादंबरीत नव्हते. तिसरे, वधाचे दृश्य शक्य तितके रोखून धरावे. गळा आवळण्याचा इशारा म्हणून ठग ‘तमाखू लाव’ यासारखे अगदी साधे वाक्य उच्चारीत. मुक्कामावरील शेकोटी, मोकळ्या गप्पा, आणि त्या गप्पांत सहज आलेले हे वाक्य, एवढे प्रेक्षकाच्या कानी पडले तर पुरे आहे. त्या क्षणापर्यंत प्रेक्षक वाटसरूंबरोबर हसत असला पाहिजे.

असा चित्रपट लोकप्रिय होईलच असे म्हणवत नाही. प्रेक्षकाला न्यायाधीशाचे आसन आवडते. वाटसरूची जागा त्याला नकोशी असते. परंतु अमीर अलीच्या कथेत न्यायाधीशासाठी फारसे काही नाही. तो स्वतःच सारे कबूल करून बसला आहे. उरतो तो ऐकणाऱ्याचा प्रश्न : या मनुष्याचे बोलणे आपल्याला इतके का आवडले, आणि ते आवडून घेताना आपण कोणाकोणाविषयी काय काय खरे मानून बसलो? रूपांतरकाराने हा प्रश्न प्रेक्षकाच्या पदरात टाकला, तर मूळ ग्रंथाशी त्याने इमान राखले, आणि जेथे तो ग्रंथ आपल्या काळाच्या समजुतींत अडकला होता तेथे एक पाऊल पुढेही टाकले, असे म्हणता येईल.