प्रतिसाद चल आणि स्पष्टीकारक चल : रेषीय समाश्रयणातील संज्ञांची चिकित्सा

प्रस्तावना :
व्यवहारात 'रिग्रेशन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेषीय समाश्रयणाचा वापर आज जवळजवळ सर्वच विद्याशाखांच्या संशोधनात होतो. तथापि, ज्या दोन प्रकारच्या चलांवर ही पद्धती उभी आहे, त्यांच्या नावांचा विचार क्वचितच केला जातो. 'अवलंबी' आणि 'स्वतंत्र' या रूढ जोडीऐवजी 'प्रतिसाद' आणि 'स्पष्टीकारक' ही जोडी अधिक उचित का, आणि तिचीही मर्यादा कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस पूर्वेस पौड, पिरंगुटकडे येताना झपाट्याने घटतो. येथे पर्जन्यमान हा प्रतिसाद चल, तर घाटमाथ्यापासूनचे अंतर हा स्पष्टीकारक चल होय. सहसंबंध गुणांक काढताना या भूमिकांना महत्त्व नसते. समाश्रयणात मात्र असते. लघुतम वर्ग पद्धती केवळ प्रतिसाद चलातील विचलनांच्या वर्गांची बेरीज किमान करते. म्हणून चलांची अदलाबदल केल्यास सामान्यतः वेगळीच रेषा मिळते. पावसावरून अंतराचा अंदाज गणिताने बांधता येईल. परंतु पावसामुळे अंतर बदलते, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ही घट प्रथम तीव्र व पुढे मंद असल्याने सरळ रेषा पूर्वेकडे वाढवत नेल्यास ती अखेरीस शून्याहून कमी पाऊस दाखवू लागते.

'स्वतंत्र' ही संज्ञा तर अधिकच फसवी आहे. वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांनी मांडलेले १६ घटकांचे मान्सून प्रतिमान भारतीय हवामान विभागाने १९८८ ते २००२ या काळात वापरले. ते सरळ रेषेचे नव्हे, तर घात-समाश्रयणाचे प्रतिमान होते. चलांच्या भूमिका मात्र त्याच. एल निनो, हिमाच्छादन इत्यादी घटक एकाच वातावरणाशी निगडित असल्याने त्यांना परस्परांपासून स्वतंत्र मानणे कठीण होते. २००२ मध्ये दीर्घावधी सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे भाकीत असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला. काही घटकांचा पावसाशी असलेला सहसंबंध क्षीण झाल्याचे पुढील तपासणीत आढळले आणि २००३ मध्ये ८ व १० घटकांची नवी प्रतिमाने स्वीकारण्यात आली.

समारोप :
'स्पष्टीकारक' चल जे स्पष्ट करतो, ते प्रतिसादातील चलनाचा गणिती अंश होय, कार्यकारणभाव नव्हे. तो त्या त्या विषयाच्या ज्ञानातूनच सिद्ध करावा लागतो. म्हणून चलांची निवड का केली, अवशेषांचा आलेख काय दर्शवतो आणि निष्कर्ष कोणत्या मर्यादेत लागू आहेत, हे प्रत्येक शोधनिबंधात नमूद होणे आवश्यक आहे. त्याविना संगणकाने दिलेले समीकरण हे उत्तर असेल, स्पष्टीकरण नव्हे.