चाचणीत पास, मधल्या सुट्टीत एकटा

आज मुलांची सामाजिक भाषा मोजणाऱ्या चाचण्यांबद्दल बोलायचं आहे, आणि थोडं टीकेच्या सुरात. आधी तेरा वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. व्याकरण चोख, शब्दसंग्रह वयाच्या पुढचा. पण मधल्या सुट्टीत डबा एकटाच खातो. आईवडील त्याला स्पीच थेरपिस्टकडे आणतात. चाचणीत तो उत्तम गुण मिळवतो. आता त्याच्या आईला काय सांगायचं? काही अडचण नाही म्हणून?

अमेरिकेत तयार झालेली 'सोशल लँग्वेज डेव्हलपमेंट टेस्ट' घ्या. लहान मुलांसाठी एक, 12 ते 17 वयाच्या मुलांसाठी दुसरी. फोटोतल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवायचं, त्याच्या मनातलं वाक्य बोलून दाखवायचं, आणि ते कशावरून ओळखलं तेही सांगायचं. मोठ्या मुलांना उपरोधही ओळखायचा असतो. या चाचणीचं श्रेय तिला द्यायलाच हवं. शब्द आणि व्याकरण मोजून थांबणाऱ्या चाचण्यांच्या ती पुढे गेली.

पण फोटो हलत नाही. परीक्षक शांत असतो, एका वेळी एकच प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. मधल्या सुट्टीत पाच जण एकदम बोलतात, विषय क्षणात बदलतो, आणि आत्ता मारला तो टोमणा होता हे कोणी समजावून सांगत नाही. आपल्या मुलाने सिद्ध केलं ते एवढंच, की संवाद कसा करावा हे त्याला माहीत आहे. तो करता येतो का, हे कोणी पाहिलंच नाही.

डोरोथी बिशप यांच्या 'चिल्ड्रन्स कम्युनिकेशन चेकलिस्ट'ने वेगळी वाट धरली. 2003 च्या दुसऱ्या आवृत्तीत 70 विधानं आहेत आणि ती भरतात मुलाला रोज पाहणारी माणसं, बहुधा पालक. मला हे जास्त पटतं. तरी इथेही तपासणी एकट्या मुलाचीच होते.

आता आपल्या घरात या. अशी एखादी चाचणी नुसती भाषांतर करून वापरली तर काय होईल? तू कोणाला म्हणायचं, तुम्ही कोणाला. 'आम्ही' कधी आणि 'आपण' कधी. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' का म्हणायचं. आग्रहाला पहिल्यांदा 'नको' म्हटलं तर वाढणारे ते खरं का मानत नाहीत. मराठी मूल हे सगळं शिकतं, पण मूळ इंग्रजी चाचणीत याला जागा नाही. उलट, पोळी वाढणाऱ्या आईला 'धन्यवाद' म्हणणाऱ्या मुलाला तिथे गुण मिळतील, आणि घरी आई कपाळाला हात लावून ताप पाहील!

शेवटचा मुद्दा जरा टोचणारा आहे. संवाद फसला की दोष एकाच्याच पदरात का टाकायचा? डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने 2012 मध्ये म्हटलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. 2020 मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर एक प्रयोग केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची. फक्त स्वमग्न माणसांच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. तपशील जास्त गळले ते मिश्र साखळीत.

म्हणून चाचण्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. पण गुण हा निकाल मानू नका. मुलाला सवंगड्यांबरोबर खेळताना पाहा, एकापेक्षा जास्त दिवस पाहा. वर्गातली बाकीची मुलं त्याच्याशी कशी बोलतात, हेही टिपा. आणि अहवाल लिहिण्याआधी त्यालाच विचारा: तुला कोणाबरोबर डबा खायला आवडेल? कदाचित तो एक नाव सांगेल. काम तिथून सुरू करता येईल.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.