अटकळ आणि लक्षण : 'मस्टँग'च्या भावी रूपाविषयीच्या लेखनाची मीमांसा

१

मोटारगाड्यांविषयीच्या लेखनाला आपल्याकडील समीक्षेत स्थान नाही. त्यातही जी गाडी अद्याप बाजारात आलेली नाही, तिच्याविषयी केलेल्या तर्कवितर्कांना तर साध्या वृत्तलेखनाचीही प्रतिष्ठा लाभलेली नाही. तथापि अमेरिकेत हा लेखनप्रकार गेली साठ वर्षे अखंड चालत आलेला आहे. आवाक्यातल्या किमतीची परंतु दांडग्या इंजिनाची जी गाडी तेथे 'मसल कार' म्हणून ओळखली जाते, तिचे चाहते तिच्या पुढील आवृत्तीविषयी विपुल लिहितात. इंजिन किती सिलिंडरांचे असेल, शक्ती पुढच्या चाकांना मिळेल की मागच्या, हाताने बदलावयाचा गिअर टिकेल काय, हे त्यांचे नित्याचे प्रश्न होत. अशा लेखनाचे मूल्यमापन बहुधा एकाच कसोटीने होते : सांगितलेले खरे ठरले की खोटे. ही कसोटी अपुरी आहे. भावी गाडीविषयीची अटकळ वरकरणी भविष्यकथन असली, तरी तिचे खरे कार्य नामाचे लक्षण ठरविण्याचे असते. 'उद्या काय येईल' ह्या प्रश्नाच्या आड 'हे नाव कशाला द्यावे' हा प्रश्न उभा असतो, आणि ह्या लेखनाचे गुणदोष त्या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भातच तपासावे लागतात.

उदाहरणार्थ फोर्ड कंपनीची 'मस्टँग' ही गाडी घेता येईल. काटेकोर वर्गीकरण करणारे तिला मसल कार न म्हणता 'पोनी कार' म्हणतात, आणि हा उपवर्ग तिच्याच नावावरून पडलेला आहे. परंतु सामान्य व्यवहारात तिची गणना मसल कारमध्येच होते. तिच्याविषयीचा अटकळींचा इतिहास इतका दीर्घ आणि घटनाबहुल आहे, की विवेचनासाठी तोच सोयीचा ठरतो.

२

प्रथम ह्या लेखनाच्या भाषेचा विचार केला पाहिजे. इंग्रजीत त्यातील वाक्यांचा कणा म्हणजे 'शुड' हे सहायक क्रियापद. ह्या एका शब्दाने संभव आणि औचित्य असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. पुढच्या मस्टँगला आठ सिलिंडरांचे इंजिन मिळण्याचा संभव आहे, आणि ते मिळणे योग्य आहे, ही दोन विधाने एकाच वाक्यात सामावतात.

मराठीतील विध्यर्थाची स्थिती ह्या संदर्भात उद्बोधक आहे. 'तो घरी असावा' आणि 'त्याने घरी असावे' ही दोन वाक्ये मराठी भाषक कधीही एकमेकांच्या जागी वापरणार नाही. पहिल्यात तर्क आहे, दुसऱ्यात कर्तव्य; आणि कर्त्याच्या विभक्तीने तो भेद स्पष्ट केलेला आहे. परंतु कर्ता अचेतन असला की ही सोय नाहीशी होते. 'नव्या गाडीचे इंजिन व्ही-८ असावे' हे वाक्य तर्क म्हणूनही वाचता येते आणि अपेक्षा म्हणूनही, कारण इंजिनावर कर्तव्य लादता येत नाही. ते कर्तव्य वस्तुतः इंजिन बसविणाऱ्यावर असते, आणि तो कर्ता वाक्यात कोठेच नसतो.

अटकळलेखनाची सगळी शक्ती आणि सगळी अप्रामाणिकता ह्या अनुपस्थित कर्त्यात साठलेली आहे. लेखक आपली मागणी तर्काच्या वेषात मांडतो. ती फलद्रूप झाली तर तो द्रष्टा ठरतो. न झाली तर कंपनीने गाडीच्या प्रकृतीविरुद्ध वर्तन केले, असे म्हणावयास मोकळा राहतो. दोन्ही बाजूंनी सुरक्षित असे हे विधान आहे.

३

ह्या लेखनात पुरावा म्हणून जे मांडले जाते, त्याची परीक्षा आपल्या परंपरेतील प्रमाणविचाराच्या आधारे सहज करता येते. प्रत्यक्षाच्या जागी चाचणीसाठी रस्त्यावर काढलेल्या गाड्यांची चोरून घेतलेली छायाचित्रे असतात. ह्या गाड्यांवर काळ्यापांढऱ्या नागमोडी नक्षीचे आवरण चिकटविलेले असते, ज्यायोगे पत्र्याच्या रेषा डोळ्याला नीट उमगू नयेत. तेव्हा हे प्रत्यक्षही झाकलेलेच प्रत्यक्ष होय. अनुमानाच्या जागी नोंदविलेली व्यापारचिन्हे आणि कंपनीचे अंतर्गत संकेतांक येतात. 'एस-१९७', 'एस-५५०', 'एस-६५०' हे संकेतांक चाहत्यांच्या बोलीत पिढ्यांची नावे म्हणून रुळलेले आहेत. अनभिज्ञांना ते निरर्थक वाटतात, आणि समूहाची सीमा आखण्याचे कार्य त्यांच्याकडून घडते ते त्यामुळेच. उरले आप्तवाक्य, म्हणजे कंपनीचे अधिकृत कथन.

आप्तवाक्य सर्वांत बलवान असेल अशी सामान्य समजूत असते. अनुभव तसा नाही. जानेवारी २०१७ मध्ये फोर्ड कंपनीने स्वतःच जाहीर केले, की २०२० मध्ये विजेची जोड दिलेली संकरित मस्टँग तयार होईल. ती झाली नाही. १४ सप्टेंबर २०२२ रोजी डेट्रॉइट येथे सातव्या पिढीची मस्टँग दाखविण्यात आली, तेव्हा तिच्यात २.३ लिटरचे चार सिलिंडरांचे किंवा ५ लिटरचे आठ सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. विजेची जोड कोठेही नव्हती. गाडी संकरित होईल असे लिहिणारे अनेक जण ह्या प्रसंगी चुकले खरे, पण ते कंपनीच्याच शब्दावर विसंबले होते. भविष्याविषयीच्या विधानात बनविणारा आणि पाहणारा ह्यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नसते, हा ह्या प्रसंगाचा बोध होय.

अटकळींचा उपयोग स्वतःच्या प्रसिद्धीसाठी करून घेण्याचे कौशल्यही कंपन्यांनी लवकरच आत्मसात केले. मस्टँगच्या स्पर्धेसाठी शेव्हरोलेट कंपनी जी गाडी तयार करीत होती, तिचे नाव 'पँथर' असणार असा सर्वत्र बोलबाला होता. जून १९६६ मध्ये कंपनीने पत्रकारांना तारा पाठविल्या, त्या मोटारजगतातून पँथरांचे उच्चाटन करणाऱ्या एका काल्पनिक मंडळाच्या नावाने. २८ जून रोजी दूरध्वनीने अनेक शहरे जोडून घेतलेल्या परिषदेत खरे नाव सांगण्यात आले : 'कॅमेरो'. फ्रेंच बोलीत त्याचा अर्थ 'सोबती' असा आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रतिपक्षाने त्याचा संबंध कोळंबीशी जोडला. ज्या शब्दाचा अर्थ कोणाच्याच कानी रुळलेला नव्हता, त्याच्या अर्थाविषयीचा हा कलह होता. आज तो शब्द उच्चारताच सोबतीही आठवत नाही आणि कोळंबीही, गाडीच आठवते. व्युत्पत्ती मागे पडून रूढी प्रबळ होण्यास किती थोडा अवधी पुरतो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

४

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. मस्टँगचे लक्षण काय ? लक्षण निर्दोष असावयाचे तर ते अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव ह्या तीन दोषांपासून मुक्त असावे लागते. चाहत्यांच्या लेखनात गृहीत धरलेले लक्षण साधारणपणे असे आहे : दोन दारे, लांब पुढा, आखूड मागचा भाग, मागच्या चाकांना मिळणारी शक्ती आणि आठ सिलिंडरांचे इंजिन.

ह्या लक्षणातील शेवटचे पद अव्याप्तीच्या दोषाने युक्त आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग प्रकट झाली, तेव्हा २,३६८ डॉलर ह्या मूळ किमतीत मिळणारे इंजिन सहा सिलिंडरांचे होते. तिच्या पत्र्याखालचा सांगाडा 'फाल्कन' ह्या साध्या, कुटुंबवत्सल गाडीवर बेतलेला होता. आठ सिलिंडरांचे इंजिन जास्त पैसे देणाऱ्यासाठी होते. पहिल्या वर्षात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या, त्या ह्या निवडीच्या मोकळिकीमुळे. म्हणजे जे आज सत्त्व म्हणून मांडले जाते, ते आरंभी ऐच्छिक होते.

सप्टेंबर १९७३ मध्ये आलेल्या 'मस्टँग २' ह्या लहान आवृत्तीत तर आठ सिलिंडरांचे इंजिन पहिल्या वर्षी मुळीच मिळत नव्हते. पुढच्याच महिन्यात अरब राष्ट्रांनी तेलाची निर्यात रोखली, आणि ही आखूड गाडी पहिल्या वर्षात सुमारे ३ लाख ८६ हजार इतकी खपली. चाहत्यांच्या लेखनात ही आवृत्ती वारंवार कलंक म्हणून येते. परंतु ती विकत घेणाऱ्यांनी मस्टँगच विकत घेतली होती. भाषिक समूह म्हणून कोणाची गणना करावयाची, लिहिणाऱ्यांची की वापरणाऱ्यांची, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. आणि अटकळलेखन त्याला सातत्याने बगल देत आलेले आहे.

नाम आणि वस्तू ह्यांचा संबंध किती सैल असू शकतो, ह्याचा दाखला जर्मनीतून मिळतो. तेथे 'मस्टँग' ह्या नावावर दुसऱ्या उद्योगाचा हक्क असल्यामुळे १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हीच गाडी 'टी-५' म्हणून विकली जात असे. वस्तू तीच, नाव नाही. ह्याच्या नेमकी उलट स्थिती पुढे उद्भवावयाची होती.

५

अटकळींच्या ह्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग १९८७ चा होय. फोर्ड कंपनीने माझदा ह्या जपानी कंपनीच्या सहकार्याने पुढच्या चाकांना शक्ती देणारी नवी गाडी रचली होती आणि तिला मस्टँगची जागा द्यावयाचे योजले होते. योजनेमागील कारण व्यवहार्य होते. इंजिन आडवे बसवून पुढची चाके फिरविली की मागे शक्ती नेणारा दांडा लागत नाही. वजन घटते, आत जागा वाढते, तेल वाचते. परंतु जोराने वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. मसल कारच्या रसिकाला जो अनुभव हवा असतो, तो ह्या क्षणाचा. 'ऑटोवीक' ह्या नियतकालिकाने ही योजना उघड केली, आणि संतप्त पत्रांचा पाऊस कंपनीवर पडला. योजना बदलली. नवी गाडी १९८८ मध्ये 'प्रोब' ह्या वेगळ्या नावाने आली, आणि जुनी मस्टँग चालू राहिली. प्रोबचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. मिशिगनमधील फ्लॅट रॉक येथील ज्या कारखान्यात ती बनत असे, तेथेच २००४ पासून मस्टँग बनू लागली.

ह्या प्रसंगाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ती बातमी त्या क्षणी खरी होती. पुढे ती खोटी ठरली, आणि खोटी ठरण्याचे एक मोठे कारण ती प्रसिद्ध झाली हेच होते. खरे-खोटे ही कसोटी येथे निकामी होते. पत्र लिहिणाऱ्यांनी गाडीच्या उत्पादनाला विरोध केला नव्हता. ती गाडी निघाली आणि विकलीही गेली. त्यांचा विरोध नामाच्या प्रयोगाला होता. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीला 'मस्टँग' म्हणणे म्हणजे अतिव्याप्ती, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शिवाय त्यांनी ते आडपडद्याने मांडले नाही. 'असावे' ह्या द्व्यर्थी क्रियापदामागे न लपता 'कंपनीने असे करू नये' असे सकर्तृक वाक्य त्यांनी लिहिले. ह्या लेखनप्रकाराची ती सर्वांत प्रामाणिक घडी होय.

६

तीस वर्षांनी चित्र पालटले. जानेवारी २०१८ मध्ये फोर्डने आपल्या आगामी विद्युत गाडीसाठी 'मॅक १' हे नाव सुचविले. १९६९ च्या एका गाजलेल्या मस्टँगचे ते नाव. विरोध झाला, आणि नाव बाजूला ठेवण्यात आले. परंतु नोव्हेंबर २०१९ मध्ये लॉस अँजेलिस येथे ती गाडी आली ती 'मस्टँग मॅक-ई' म्हणून. तिला दारे चार, बांधणी उंच, आणि इंजिन मुळीच नाही. उपनाम वाचविताना मूळ नामच हातचे गेले, असे हे घडले. जर्मनीत वस्तू होती पण नाव नव्हते. येथे नाव आहे, पण चाहत्यांच्या लक्षणातील जवळजवळ एकही पद नाही.

तेव्हापासून अटकळलेखनाचा सूर बदललेला दिसतो. चार दारांची मस्टँग येईल काय, पेट्रोलचे इंजिन किती वर्षे टिकेल, असे प्रश्न विचारले जातात ते मागणीच्या सुरात क्वचितच, बहुधा भीतीच्या. २०२३ च्या अखेरीस कॅमेरो आणि डॉजची 'चॅलेंजर' ह्या दोन्ही प्रतिस्पर्धी गाड्यांचे उत्पादन थांबल्यामुळे ही भीती निराधारही म्हणता येत नाही. परंतु भीतीने विधानाची स्पष्टता वाढत नाही. लेखक पुन्हा संकेतांक आणि झाकलेली छायाचित्रे ह्यांच्या आश्रयाला जातात, आणि लक्षणाचा प्रश्न तसाच राहतो.

'मस्टँग' हा शब्द स्पॅनिशमधून आलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी 'मालक नसलेले, चुकार जनावर' हा अर्थ आहे. नामाची मालकी कायद्याने कंपनीकडे असते. त्याचा अर्थ मात्र समूहाच्या व्यवहारात घडतो. १९८७ मध्ये समूहाने तो आपल्या बाजूने ओढला, २०१९ मध्ये कंपनीने. ह्या ओढाताणीचा सर्वांत सविस्तर दस्तऐवज म्हणून अटकळलेखन भाषाभ्यासकाच्या दृष्टीने मोलाचे आहे. त्याचा दोष भविष्य चुकण्यात नाही. आपण व्याख्या करीत आहोत हे ते कबूल करीत नाही, आणि स्वतःच्या व्याख्येत १९६४ ची सहा सिलिंडरांची व १९७३ ची लहान गाडी घेणाऱ्या लाखो माणसांना जागा ठेवीत नाही, हा त्याचा दोष होय. तो दूर झाला, तर ह्या लेखनाला समीक्षेचा दर्जा देण्यास कोणताही प्रत्यवाय राहणार नाही.