पाणी का मारायचं? हा प्रश्न कोणत्या तासाचा?

मंडळी, नई तालीमचा विषय काढला की आपण १९३७ च्या वर्ध्यात अडकून पडतो. आज जरा पाबळला जाऊ. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथूनच शाळांसाठी 'आयबीटी' हा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य अशी चारही अंगं, आणि आठवड्यातला एक दिवस हातानं काम. शिकवायला गावातलीच कामं जाणणारी माणसं. मला ही मांडणी फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच तक्रारही आहे.

अशाच एका शाळेत मुलांनी टाकीचं झाकण ओतलं होतं. त्यावर पाणी मारणाऱ्या मुलीला मी विचारलं, "कशासाठी गं?" म्हणाली, "सिमेंट वाळायला पाहिजे ना, सर." मग वाळायचंय तर पाणी का? ती हसली, गप्प झाली. आता बघा, सिमेंट वाळून घट्ट होत नाही. त्याचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो. पाणी आधीच उडालं तर ही क्रिया अर्ध्यावर थांबते, म्हणून निदान सात दिवस पाणी मारायचं. गंमत म्हणजे पलीकडच्या वर्गात त्याच आठवड्यात कळीचा चुना आणि पाणी चाललं होतं. उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया, फळ्यावर समीकरणासकट! दोन वर्गांत पन्नास पावलांचं अंतर. विज्ञानाच्या बाई कार्यशाळेत कधी गेल्या नव्हत्या आणि निदेशकांना धडा माहीत नव्हता.

म्हणजे एकात्मता अभ्यासक्रमात आहे, वेळापत्रकात नाही.

यावर काहीजण म्हणतात, व्यवसायाच्या मुलांना कामापुरतंच विज्ञान द्या. हे मला मुळीच मान्य नाही. एक हजार वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर साधारण ४.३ अँपिअर घेते, हे बोर्ड जोडताना मुलगा शिकेल. तार गरम झालेली हाताला कळेलही. पण करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे नुसत्या हाताला कळत नाही. त्याला वर्ग, गुणोत्तर, ओहमचा नियम लागतो, आणि तो क्रमानंच शिकवावा लागतो. तो गाळलात तर पुढे डिप्लोमाला गेलेलं हेच पोर पहिल्या सत्रात गटांगळ्या खाणार. (आणि आपण म्हणणार, त्याची कुवतच नव्हती.)

मला नवं पुस्तक नको आहे. जूनमध्ये वर्षभराच्या कामांची यादी घेऊन बाई आणि निदेशक दोन दिवस एकत्र बसू देत. प्रात्यक्षिक परीक्षेत झाकणाला जेवढे गुण, तेवढेच "पाणी का मारलंस?" या प्रश्नाला ठेवा. आणि हो, निदेशक बहुधा रोजंदारी बुडवून येतो. त्या दोन दिवसांचे पैसे त्याला द्या.