गाढवाचं देऊळ

हिंदीतला नट नव्हे, मी बोलतोय ते केरळच्या जॉन अब्राहमबद्दल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकलेला हा दिग्दर्शक १९८७ साली कोळिकोडला इमारतीवरून पडून मेला. मागं राहिले चारच कथापट. चक्रम, भेदरलेली, कळपाबाहेर पडलेली माणसं हा त्याचा ध्यास.

'अग्रहारत्तिल कळुदै' (१९७७) म्हंजे अग्रहारातलं गाढव. मद्रासचा एक ब्राह्मण प्राध्यापक गाढवाचं पोरकं शिंगरू पाळतो. कॉलेजात टिंगल होते, म्हणून ते आईबापाकडं अग्रहारात नेऊन ठेवतो. उमा नावाची मुकी पोर त्याला सांभाळते. गावात काही विपरीत घडलं की खापर गाढवावर. शेवटी त्याला ठार मारतात. मग चमत्कार दिसायला लागतात, आन् तेच लोक म्हणतात, याचं देऊळ बांधू!

हे बघताना मी ताठ बसलो. ही रीत आपल्याला पाठ आहे. चोखोबाला जिवंतपणी राऊळात येऊ दिलं नाही. मेल्यावर पायरीशी समाधी दिली. ब्राह्मण्याचं हे गणित जॉननं बिनचूक मांडलंय.

पण मित्रांनो, माझं भांडण इथंच सुरू होतं. बाहेरचा कोण? गाढव. त्याला जीव लावणारी कोण? मुकी पोर. दोघांनाही वाचा नाही. ब्राह्मण प्राध्यापक रीत मोडतो तेव्हा तो विक्षिप्त ठरतो. आपल्यातला कुणी मोडतो तेव्हा त्याला विक्षिप्त म्हणत नाहीत. माजलाय म्हणतात, आन् घरं जाळतात.

'चेरियाचन्डे क्रूरकृत्यंगळ' (१९७९) मध्येही तेच. कुट्टनाडात पोलीस शेतकऱ्यांना मारतात. वेड लागतं ते बघणाऱ्या जमीनदाराला. अडूर भासीनं ती भीती अस्सल उभी केलीय. पण मेले एक, आन् सिनेमा दुसऱ्याचा. कॅमेरा मालकाबरोबर नारळीवर चढतो. खाली पडलेल्यांच्या घरी जात नाही.

'अम्मा अरियान' (१९८६) साठी मात्र मी त्याला जय भीम करतो. ओडेसा नावाचा गट काढून, गावोगाव सिनेमे दाखवून त्यानं लोकांच्या वर्गणीतून हा चित्रपट केला. शेठजीच्या दारात गेला नाही.

तेव्हा जॉनचे सिनेमे वस्तीत दाखवा. नंतर दिवे लावून भांडा. वर्गणीची रीत त्याच्याकडून घ्या. पण आपला सिनेमा करू तेव्हा गाढवाच्या जागी माणूस उभा करा, आन् त्याला बोलू द्या.