बोकड्याची शिंगं

मागच्या पोळ्याच्या आठवडाभर आधी माझ्या मामेभावानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक राक्षस पाठवला. मामाचं घर भिवापूरचं. भाऊ बारावीत आहे आणि मोबाइलवर बोटानं चित्रं काढतो. राक्षसाचं नाव होतं बोकड्या.

मिरचीचं शेत ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रस शोषणाऱ्या किडींमुळे मिरचीची पानं आखडतात, कडा वळतात, झाड खुजं राहतं. या रोगाला चुरडा-मुरडा म्हणतात, आणि बोकड्याही म्हणतात. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिचं नाव दूरवर पोचलंय. पण ती पिकवणाऱ्या घरात बोकड्या हा शब्द हळू आवाजात निघतो.

भावानं या नावालाच तोंड दिलं होतं. उभ्या चौकटीच्या मधोमध बोकडाचा प्रचंड चेहरा, खाली आखडलेल्या पानांचं अंग. शिंगं वरच्या कडेनं कापली गेलेली. मागे मोठा पांढरा चंद्र, सगळीकडे मिरचीचा लाल. आणि खाली डाव्या कोपऱ्यात नखाएवढा, पाठमोरा माणूस, हातात टॉर्च. आमच्याकडे वीज बरेचदा रात्रीच असते, म्हणून पाणी द्यायला रात्री जावं लागतं. सोबत मेसेज होता : ‘ताई, कसं जमलं? खरं सांगजो.’

मी पुण्यात पुस्तकांच्या मांडणीचं काम करते. मला वाटलं, हे तर माझंच क्षेत्र. दहा मिनिटांत मी नऊ मुद्दे लिहून पाठवले. राक्षस मधोमध नको, चित्र थिजतं. उजवीकडच्या तिसऱ्या भागात घे. शिंगं कापली गेलीत, पूर्ण दाखव. माणूस कोपऱ्यात हरवलाय, मोठा कर. वगैरे.

चार दिवसांनी दुसरं चित्र आलं. नऊच्या नऊ मुद्दे पाळलेले. आणि राक्षस मेलेला. उजवीकडे, शिंगांसकट पूर्ण मावलेला, गणेश मंडळाच्या देखाव्यातल्या पुतळ्यासारखा उभा. मी ‘आता परफेक्ट!’ असं लिहून अंगठाही पाठवला. त्यानंतर त्याच्याकडून एकही चित्र आलं नाही. दिवाळीला भिवापूरला गेले तेव्हा विचारलं, तर मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘थे दुसरं चित्र तुयं होतं ना ताई. मायं पहिलंच होतं.’

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितेय. माझे मुद्दे नियमांच्या पुस्तकात बरोबर होते, मग चित्र का मेलं?

राक्षसाच्या चित्रात भीती दात-नखांत फारशी नसते. ती असते अंतरात : तो केवढा, मी केवढा, आणि आमच्यामध्ये किती जागा. म्हणजे भीती हे रचनेचंच काम आहे. त्यामुळे राक्षसाच्या रचनेवर बोलणारा माणूस नकळत चित्राच्या मर्मालाच हात घालत असतो. मी घातला, आणि तो कशावर पडतोय हे बघितलं नाही.

नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबती निघतात. काळी मारबत 1881पासून आणि पिवळी 1885पासून निघते, असं सांगतात. बांबू-कागदाच्या त्या आकृत्या मी लहानपणी इतवारीत बाबांच्या खांद्यावरून पाहिल्यात. आठवतं ते असं : आधी गर्दीच्या डोक्यांवरून एक चेहरा येतो, मग खांदे, आणि जवळ आली की चेहरा वर निघून जातो, समोर नुसतं अंग उरतं. मारबत संपूर्ण अशी एका नजरेत दिसतच नाही. सोबतचे बडगे मात्र आरामात दिसतात. महागाई, भ्रष्टाचार अशा चालू विषयांवरचे ते पुतळे, बरेचदा गळ्यात पाटी. त्यांच्याकडे बघून आपण हसतो, कारण ते चौकटीत मावतात आणि आपला अर्थ स्वतःच सांगतात. ‘शिंगं पूर्ण दाखव’ म्हणताना मी भावाच्या मारबतीचा बडगा करून टाकला. त्याची कापलेली शिंगं सांगत होती की हा प्राणी या चौकटीपेक्षा मोठा आहे.

हीच युक्ती जपानच्या उतागावा कुनियोशीनं 1844च्या सुमारास वापरली. त्याच्या तीन कागदांच्या प्रसिद्ध ठशाचित्रात उजवीकडच्या अंधारातून एक अवाढव्य सांगाडा पडदे फाडत वाकून येतो. त्याचे पाय दिसत नाहीत. त्याआधीच चित्र संपतं. ज्या कादंबरीवरून हे चित्र काढलं, तिच्यात माणसांएवढे पुष्कळ सांगाडे होते. कुनियोशीनं त्या सगळ्यांचा एक केला. त्याचं चित्र माझ्याकडे आलं असतं तर ‘मूळ गोष्टीत सांगाडे जास्त आहेत, शिवाय पाय राहिलेत’ असं मी नक्की लिहिलं असतं.

तिसरं उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं. रामटेकच्या डोंगरावर वाकाटक काळातली, पाचव्या शतकातली नरसिंहाची दोन मंदिरं आहेत. एरवी नरसिंह म्हटलं की मांडीवर हिरण्यकश्यपू आणि पोटात रुतलेली नखं. रामटेकचा केवल नरसिंह एकटाच बसलाय, एक गुडघा वर, निवांत. मांडीवर कोणी नाही. आणि म्हणून गाभाऱ्यात उभं राहिल्यावर पहिला विचार येतो तो आपला : इथे दुसरं कोण आहे? मी सोडून कोणी नाही. मूर्तिकारानं रिकामी सोडलेली ती जागा भक्तासाठी होती का, हे मला ठरवता येणार नाही. पण ती जागा काम करते. भावाच्या चित्रात कोपऱ्यातला नखाएवढा माणूस हेच काम करत होता. तो पाठमोरा होता, म्हणजे आपण त्याच्या मागे उभे होतो. मी त्याला मोठा करायला लावला, तसा तो गोष्टीतला हिरो झाला, आणि आपण बाहेर पडलो.

मग पहिल्या चित्रात दोष नव्हताच का? होता, आणि माझ्या नऊ मुद्द्यांत तो नेमका सुटला होता. चंद्र. चित्रातली सगळ्यात उजळ जागा तीच होती, म्हणून नजर आधी तिथे जायची, मग चेहऱ्यावर, आणि टॉर्चवाल्या माणसापर्यंत पोचायचीच नाही. त्यात माणूस आणि मिरच्या दोन्ही एकाच गडदपणाचे. चित्र कृष्णधवल करून पाहिलं की तो गायबच. मी म्हणाले होते, ‘माणूस हरवलाय, मोठा कर.’ यातला पहिला अर्धा भाग खरा होता, दुसरा माझा आगाऊपणा. म्हणायला हवं होतं एवढंच : ‘माझी नजर आधी चंद्रावर गेली, मग डोळ्यांवर. माणूस मला तिसऱ्यांदा बघितल्यावर सापडला. तुला हेच हवं होतं का?’

या वाक्यात उपाय नाही. बघणाऱ्याचं काय झालं याची बातमी आहे, आणि ती चित्रकाराला स्वतःला कधीच मिळू शकत नाही, कारण माणूस कुठे आहे हे त्याला आधीच माहीत असतं. उपाय त्याचा त्यानं शोधायचा. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेनं 1990मध्ये प्रतिसाद देण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात क्रम ठरलेला आहे : आधी बघणाऱ्यानं आपल्याला काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकारानं प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यानं मत न लपवलेले साधे प्रश्न विचारायचे, आणि मत शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. वाचताना हे फार औपचारिक वाटतं. मीही हसले होते. पण माझ्या नऊ मुद्द्यांत प्रश्न एकही नव्हता, हे नंतर मोजलं.

थोडं घेणाऱ्याच्या बाजूनंही. ‘खरं सांगजो’ ही मागणी फार मोठी आहे, तिच्यात समोरचा वाट्टेल ते ओततो. त्यापेक्षा ‘माणूस दिसतो का?’ असं विचारलं तर उत्तर उपयोगाचं येतं. आणि आलेला प्रत्येक मुद्दा पाळायचा नसतो. तीन जण एकाच जागेवर अडखळले तर ती जागा तपासावी. त्यांनी सुचवलेले तीन उपाय मात्र खुशाल सोडून द्यावेत. माझ्या भावानं सगळं पाळलं, कारण मी ताई आहे आणि पुण्यात काम करते. त्याची शिस्त हा त्याचा दोष नव्हता. माझ्या बोलण्याला वजन आहे हे मलाच कळायला हवं होतं. आणि ‘मस्त’, ‘एक नंबर’ म्हणणारे निरुपद्रवी असतात असंही नाही. माझ्या ‘परफेक्ट’नं नऊ मुद्द्यांपेक्षा जास्त नुकसान केलं. मेलेल्या चित्राला मी जिवंत म्हणाले, आणि त्याला ते दिसत होतं.

दिवाळीत मी चंद्राचं तेवढं सांगितलं, आणि चूक झाली हेही. तो ‘हं’ म्हणाला. संक्रांतीच्या सुमारास तिसरं चित्र आलं. बोकड्या परत मधोमध, शिंगं परत कापलेली, या वेळी कानही. चंद्र गेलेला. उजेड फक्त टॉर्चचा, तोही खालून वर, एका नाकपुडीपर्यंतच पोचणारा. नाकपुडीच्या वर काय आहे ते अंधारात आहे. माणूस तेवढाच, नखाएवढा. पण आता नजर थेट त्याच्यावरच जाते. हा उपाय मला सुचला नसता. या वेळी मेसेजमध्ये प्रश्न होता : ‘बाबा कुठं उभे हायेत ते समजते का?’

तो माणूस मामा आहे, हे मला तेव्हा कळलं. मी लिहिलं, ‘समजतं.’ आणि थांबले.

या लेखाचा कच्चा खर्डा मी त्याला पाठवला होता आणि एकच विचारलं होतं, कुठे अडखळलास? त्यात सुरुवात रामटेकपासून होती. उत्तर आलं : ‘रामटेकवर. बोकड्या लय मांगं राहून गेला ताई.’ म्हणून तो आता पहिल्या ओळीत आहे.