'आवडती-नावडती' आणि कहाणीतील दोषनिर्णय

श्रावण-भाद्रपदांत वाचल्या जाणाऱ्या व्रतकहाण्यांत 'आवडती' आणि 'नावडती' ही स्त्रीपात्रे वारंवार भेटतात. एकीच्या वाट्याला राजवाडा येतो, दुसरीच्या वाट्याला गोठा; आणि व्रताच्या प्रभावाने ही वाटणी पुढे बदलते. अशा कहाण्यांचे सूत्र 'सवतीमत्सर' या एका शब्दात सांगण्याकडे सहज कल होतो. परंतु त्या शब्दाने दोष स्त्रियांच्या परस्परसंबंधांत आहे, असे आधीच ठरून जाते. कथेतील घटना या निर्णयास कितपत आधार देतात, हे तपासून पाहणे अवश्य आहे.

श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत राजाला चार सुना आहेत; तिघी आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे अन्न, जाडेभरडे वस्त्र आणि गुरांजवळची जागा मिळते. गुरे राखण्याचे कामही तिच्याकडेच येते. येथे सवत नाहीच. उरलेल्या तिघी जावा आहेत आणि तिला या स्थितीत लोटण्यासारखे त्यांनी काही केल्याचे कहाणी सांगत नाही. नावडतीचा अपराधही कोठे सांगितलेला नाही. रानात भेटलेल्या नागकन्या-देवकन्यांकडून ती व्रत शिकते, शिवाला मूठ वाहते आणि अखेर राजाची कृपा मिळविते. राजाने आधी असे का वागविले, हा प्रश्न मात्र कोणीही विचारीत नाही.

भाद्रपदातील महालक्ष्मीच्या कहाणीत खरोखरच दोन राण्या आहेत. पाटमाधवराणी आवडती, तर चिमादेवराणी नावडती. राजाच्या हातातील व्रताचा तातू पाहून आवडतीला आपल्या वैभवापुढे तो क्षुद्र वाटतो. ती तो तोडून टाकते. पुढे नावडतीला व्रत लाभते आणि राज्ञीपदही. आवडतीच्या नशिबी रान येते. तातू तोडण्यात उद्दामपणा आहे, हे मान्य करावेच लागेल. तथापि ज्याच्या हाती तातू होता आणि ज्याने तिला इतर सर्वांहून उंच बसविले होते, त्या राजाला त्या उद्दामपणाचा वाटेकरी कहाणी ठरवीत नाही. तो आरंभी निवड करणारा असतो, शेवटी न्याय करणारा होतो. आरोपी मात्र कधीच होत नाही.

हे कशाच्या बळावर साधते? त्याचे एक कारण पात्रांच्या नावांतच आहे. 'राजाला राणी आवडते' या वाक्यात क्रियापदाची संगती राणीशी आहे. राजा चतुर्थीत आहे. परंपरागत व्याकरणाने पाहता येथे कर्ता राणीच. संस्कृतातही 'रुच्' या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला वस्तू रुचते त्यास पाणिनीने संप्रदान म्हटले आहे, कर्ता नव्हे. म्हणजे आवड ज्याच्या मनात उपजते, तो वाक्यात आधीच दुय्यम स्थानी असतो. 'आवडती' हे धातुसाधित विशेषण सिद्ध होताना ही चतुर्थीही गळून पडते आणि विशेषण नामासारखे वापरले जाऊ लागले की ते स्त्रीचा स्थायी गुणच भासू लागते. गोरी, उंच, तशी नावडती! राजाच्या मनाचा व्यापार राणीच्या स्वभावाचे लक्षण होऊन बसतो.

यावर असे म्हणता येईल की, भाषेचीच घडण अशी असेल तर कहाणीकडे बोट का दाखवावे? परंतु मराठीला दुसरा शब्द उपलब्ध आहे. 'टाकलेली' असे म्हटले की 'कोणी टाकली?' हा प्रश्न उभा राहतो. कारण 'टाकणे' या क्रियेला तृतीयान्त कर्ता लागतो, आणि तो अनुक्त राहिला तरी नाहीसा होत नाही. 'परित्यक्ता' या तत्सम शब्दाचेही तसेच आहे. तेव्हा 'नावडती' ही भाषेची अपरिहार्यता नसून कथनाची निवड आहे.

शिवामुठीच्या कहाणीत या संदर्भात एक स्थळ विशेष लक्षणीय आहे. मूठ वाहताना नावडती जी प्रार्थना करते, तीत सासूसासरे, दीर, नणंदा, जावा, भ्रतार अशा सर्वांचा उल्लेख येतो. आपण कोणाकोणाला नावडती आहोत, हे ती नेमके सांगते. गळालेली चतुर्थी तिच्या तोंडी परत येते. मात्र मागणे असते ते स्वतःला आवडती करण्याचे, त्यांना न्यायी करण्याचे नव्हे. दोष कोठे आहे हे तिला ठाऊक आहे. तो बदलण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नाही, हेही तिला ठाऊक आहे.

व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांचे विश्लेषण करताना पात्रांची विभागणी त्यांच्या कथागत कार्यावरून केली. स्वभाव वा हेतू यांना गौण लेखले. ही कसोटी येथे लावली असता शिवामुठीच्या कहाणीत अपाय घडविण्याचे कार्य राजाच्या घराकडे जाते. परंतु खलाचे आसन रिकामेच राहते. महालक्ष्मीच्या कहाणीत ते आवडतीला मिळते. राजा दोन्हीकडे सुटतो.

कहाणी ही व्रतमाहात्म्यासाठी रचलेली आहे, तिच्याकडून न्यायमीमांसेची अपेक्षा करू नये, हा आक्षेप काही अंशी रास्त आहे. ज्या स्त्रियांनी ती ऐकली आणि सांगितली, त्यांना राजा बदलणे शक्य नव्हते. मूठभर धान्य वाहणे शक्य होते. त्यांना कहाणीने आशा दिली, हे तिचे ऋण नाकारता येत नाही. तसेच पाटमाधवराणीलाही व्रताच्या पुण्याईने शेवटी घर परत मिळते. म्हणजे कहाणी निष्ठुरही नाही. परंतु श्रोत्यांची निरुपायता ही समीक्षकाची सबब होऊ शकत नाही. 'सवतीमत्सर' असे नाव देऊन जो अभ्यासक पुढे जातो, तो कहाणीचाच निर्णय शास्त्रीय परिभाषेत पुन्हा सुनावतो.

अशा कथांचे वर्गीकरण करताना म्हणून पात्राच्या विशेषणामागची लुप्त विभक्ती प्रथम भरून घ्यावी. नावडती, पण कोणाला? या एका प्रश्नाने कथेतील घटना बदलत नाहीत. आरोपीच्या जागी कोण उभे आहे आणि तेथून कोणाला वगळले आहे, एवढे मात्र स्पष्ट दिसू लागते.